वाचक विचारतात : जहाजे किनाऱ्यापाशीच का बुडाली?

मागील अंकात इ.स. १७०७ मधल्या सिली बेटांजवळच्या दुर्घटनेवर एक छोटी टीप छापली होती. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी असलेल्या या बेटांवर ब्रिटिश आरमाराची चार जहाजे एका रात्रीत फुटली आणि चौदाशे ते दोन हजारांच्या दरम्यान माणसे गेली. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून, म्हणजे घाटाच्या अलीकडून, बरीच पत्रे आली. त्यांतली निवडक पत्रे व उत्तरे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (कराड) : एकवीस जहाजांचा ताफा, मुरलेला सेनापती आणि वाट सगळ्यांचीच चुकली, हे पटत नाही. रेखांश काढता येत नव्हता, एवढेच कारण होते का?

उत्तर : एवढेच नव्हते. पण रेखांशाचे कोडे आधी सोडवू.

सांगली आणि रत्नागिरी जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, १७ अंशांच्या किंचित खाली. रात्री ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजली तर दोन्हीकडे आकडा जवळपास सारखाच येईल. म्हणजे आपण सतराव्या अंशाच्या आसपास आहोत हे कळले. पण भाट्याच्या वाळूत उभे आहोत की सांगलीच्या गणपती मंदिरासमोर, हे तारा सांगणार नाही. फरक पडतो तो वेळेत. सांगलीत सूर्य माथ्यावर आला की रत्नागिरीत तो सुमारे ५ मिनिटांनी येतो. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते आणि आपल्या अक्षांशावर १ अंश म्हणजे सुमारे १०६ किलोमीटर. तेव्हा निघाल्या बंदराची वेळ बिनचूक दाखवणारे घड्याळ जहाजावर असेल, तर तिथली वेळ आणि इथली मध्यान्ह यांच्या फरकावरून रेखांश निघतो. १७०७ मध्ये असे घड्याळ नव्हते. लंबकाचे घड्याळ जहाज डोलू लागले की बिघडे, आणि खिशातले घड्याळ रोज काही मिनिटे मागेपुढे होई. चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंश, हे लक्षात घ्या.

आता सिली. सर क्लाउड्स्ली शोव्हेल यांचा ताफा सप्टेंबरअखेर जिब्राल्टरहून निघाला. वाटेत सतत वादळी हवा आणि ढगाळ आकाश, त्यामुळे सूर्य-ताऱ्यांचे वेध क्वचितच मिळाले. २२ ऑक्टोबरला संध्याकाळी त्यांनी ठरवले की आपण इंग्लिश खाडीच्या तोंडाशी, मोकळ्या पाण्यात आहोत, आणि शिडे उभारून पूर्वेकडे निघाले. रात्री आठच्या सुमारास 'असोसिएशन' हे जहाज खडकावर आदळले आणि काही मिनिटांत सुमारे ८०० माणसांसह गेले. 'ईगल'वरचा एकही वाचला नाही, 'रोम्नी'वरचा एकच वाचला. 'फायरब्रँड' खडकावरून सुटले खरे, पण नंतर बुडाले.

पुढे वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या तपासल्या गेल्या. त्यांत चूक केवळ पूर्व-पश्चिम नव्हती. अक्षांशातही जहाजाजहाजांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. सिली बेटे खाडीच्या तोंडाच्या उत्तर कडेला आहेत, त्यामुळे उत्तर-दक्षिण अर्धा अंश चुकला तरी खुल्या वाटेऐवजी खडक समोर येतो. त्यात काही नकाशांवर बेटांची जागाच चुकलेली, होकायंत्रे जुनी, आणि त्या भागात जहाजाला उत्तरेकडे ओढणारा प्रवाह हिशेबात धरलेला नाही. रेखांश, अक्षांश, नकाशा, होकायंत्र, प्रवाह अशा लहानमोठ्या चुका एकाच दिशेने जमत गेल्या. एका खलाशाने धोक्याची सूचना दिली म्हणून त्याला फासावर चढवले, ही गोष्ट रंगवून सांगतात. तिला त्या काळातला आधार नाही.

या घटनेनंतर सात वर्षांनी, १७१४ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने रेखांशासाठी बक्षीस लावले : अर्ध्या अंशाच्या आत काढणाऱ्याला २०,००० पौंड, दोन-तृतीयांश अंशाला १५,००० आणि एका अंशाला १०,०००. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसन यांच्या चौथ्या घड्याळाची समुद्रावरची चाचणी १७६१ मध्ये सुरू झाली. मधली सगळी वर्षे जहाजे अंदाजावरच चालली.

आणखी एक. इंग्लंडने नवी कालगणना १७५२ मध्ये घेतली. त्यामुळे इंग्रजी कागदातला २२ ऑक्टोबर १७०७ हा आजच्या हिशेबाने २ नोव्हेंबर. हॉलंड आणि स्पेनचे कागद त्याआधीच नव्या तारखांवर होते. दोन्हींच्या नोंदी ताडून पाहताना ११ दिवसांचा घोळ हमखास होतो.

प्रश्न (कुपवाड, एक शिक्षक) : विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना जहाजाचा वेग मोजायचा जुना 'लॉग' करायचा आहे. मापे द्याल का?

उत्तर : जरूर. करायला सोपा आहे, आणि तो कुठे फसतो हे त्यातच दिसते.

लाकडी फळीचा पाव गोल कापा, साधारण १५ सेंटिमीटर त्रिज्येचा. गोल कडेला शिशाची पट्टी ठोका, म्हणजे तो पाण्यात टोक वर करून उभा तरंगेल. तिन्ही कोपऱ्यांना एकेक दोरी बांधून ती मुख्य दोराला जोडा. त्यांतली एक दोरी फळीच्या भोकात लाकडी खुंटीने बसवा. मोजणी झाल्यावर हिसका दिला की खुंटी निघते, फळी आडवी होते आणि सहज ओढून घेता येते. ही खुंटी विसरलात तर उभी फळी पाणी कापत येते आणि दोर ओढताना हात सोलून निघतात.

दोराचे पहिले काही मीटर मोकळे ठेवा, कारण जहाजामागच्या खळबळीतून फळी बाहेर पडेपर्यंत मोजायचे नसते. तिथे चिंधी बांधा. त्यापुढे गाठी. नियम असा की गाठींतले अंतर आणि समुद्री मैल यांचे प्रमाण, वाळूच्या घड्याळाचे सेकंद आणि तास यांच्या प्रमाणाइतके हवे. समुद्री मैल १,८५२ मीटर. ३० सेकंदांचे घड्याळ असेल तर १,८५२ भागिले १२०, म्हणजे १५.४ मीटर. २८ सेकंदांना १४.४ मीटर. तुमची होडी सावकाश चालणार, तेव्हा १५ सेकंद आणि ७.७ मीटर घ्या. चिंधी हातातून गेली की घड्याळ उलटे करा, वाळू संपली की दोर आवळा, गेलेल्या गाठी मोजा. तोच ताशी समुद्री मैलांतला वेग.

त्या काळी पुष्कळ इंग्रजी जहाजांवर ३० सेकंदांच्या घड्याळाला ४२ फुटांवर गाठ मारायची जुनी रीत होती. हिशेबाने ती सुमारे ५०.७ फुटांवर हवी. गाठी जवळ असल्या की जास्त जातात आणि वेग खऱ्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने जास्त दिसतो. खलाशांना ते चालत असे. जमीन आहे त्यापेक्षा जवळ आली असे वाटले तर माणूस सावध राहतो, हा त्यामागचा विचार. पण दुसऱ्या जहाजावरचे घड्याळ दमट हवेने सावकाश गळत असेल किंवा दोर ओला होऊन आखडला असेल, तर दोघांचे आकडे कधीच जुळायचे नाहीत.

खरी गंमत नदीवर करा. पावसाळा संपून पाणी शांत झाल्यावर, नावाडी आणि जीवरक्षक जॅकेट बरोबर घेऊन, सांगलीच्या आयर्विन पुलाच्या वरच्या अंगाला होडी वल्ही न मारता प्रवाहावर सोडा आणि लॉग टाका. दोर जवळजवळ जाणारच नाही. लॉग सांगेल वेग शून्य, आणि पूल मात्र जवळ येत असेल. फळीही त्याच पाण्यात वाहते, म्हणून प्रवाह लॉगला दिसत नाही. सिलीजवळ हेच घडले.

प्रश्न (इस्लामपूर) : डच जहाजे जावाला जायला निघाली आणि ऑस्ट्रेलियावर कशी आदळली? वाट तर उत्तरेची.

उत्तर : वाट उत्तरेची, पण वळण कुठे घ्यायचे तिथे फसगत होई. १६११ मध्ये हेन्ड्रिक ब्राउवर यांनी नवा मार्ग दाखवला. केप ऑफ गुड होपहून थेट ईशान्येला न जाता आधी दक्षिणेला उतरायचे, चाळीस अंशांच्या आसपासचे जोरदार पश्चिमी वारे धरायचे, हजारो किलोमीटर पूर्वेला जायचे आणि मग उत्तरेला वळून जावातले बटाव्हिया (आजचे जकार्ता) गाठायचे. याने महिने वाचले. मात्र केपपासून ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा आठ हजार किलोमीटरहून जास्त. एवढ्या पल्ल्यात लॉगची दहा टक्के चूक म्हणजे ८०० किलोमीटर. वळण उशिरा घेतले की रात्री समोर कडे किंवा प्रवाळखडक.

'झाउटडॉर्प' १७१२ मध्ये केपहून निघाले आणि पोचलेच नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या उभ्या कड्यांखाली त्याचे अवशेष आणि १७११ साली पाडलेली नाणी विसाव्या शतकात मिळाली. 'झेवेक'चे तसे नाही. त्याची हकिगत नोंदलेली राहिली आहे. जून १७२७ मध्ये ते हाउटमन अॅब्रोल्होस या बेटांच्या खडकावर चढले. टेहळ्याला लाटांचा पांढरा फेस अर्धा तास आधी दिसला होता, पण तो चांदण्याची चकाकी समजला. लाटांनी जहाज एकदम फोडले नाही, म्हणून माणसांना सामान काढायला वेळ मिळाला. त्यांनी बेटावर दहा महिने काढले, मोडक्या जहाजाच्या फळ्यांतून नवे गलबत बांधले आणि एप्रिल १७२८ मध्ये ८२ जण बटाव्हियाला पोचले. सगळी पेटी-नाणीही सोबत नेली. डच ईस्ट इंडिया कंपनीला तीच आधी हवी असणार.

प्रश्न (फलटण) : नांगरून ठेवलेली जहाजे वादळात बुडतात हे समजत नाही. नांगर कशासाठी असतो मग?

उत्तर : नांगर धरतो तो वजनाने नव्हे, ओढ आडवी असेल तर. दोर आखूड सोडला की जहाज लाटेवर चढताना नांगर वर उपसला जातो. लांब सोडला की ओढ तळाला समांतर राहते आणि नांगराचे नख रुतते. म्हणून वादळात दोर आणखी सोडतात. पण शेजारी दुसरे जहाज असेल तर सोडायला जागा कुठे?

नोव्हेंबर १७०३ च्या महावादळात केंटच्या किनाऱ्यालगत 'डाउन्स' या नांगरवाड्यात अशीच गर्दी होती. पलीकडे गुडविन नावाची वाळूची लांब पट्टी, एरवी तीच लाटांचा आडोसा. तागाच्या जाड दोरांचे काठावर घासून तंतू तुटत गेले, काही जहाजांनी वाऱ्याची पकड कमी व्हावी म्हणून डोलकाठ्या तोडल्या, आणि तरी आरमाराची चार जहाजे सुटून त्याच वाळूवर गेली. त्यांवरची हजाराहून अधिक माणसे मेली. ओहोटीला वाळू उघडी पडते. तेवढ्या वेळात किनाऱ्यावरच्या होड्यांनी काहींना उचलले. त्याच रात्री एडिस्टोनचे दीपगृह, ते बांधणाऱ्या हेन्री विन्स्टनलींसह, समुद्रात गेले.

प्रश्न (सातारा, याच आशयाची पत्रे वाई व कोरेगावहूनही) : शाहू महाराज साताऱ्यात असताना कान्होजी आंग्र्यांचे आरमार ऐन भरात होते. आपली जहाजे अशी बुडत नव्हती का? आणि इंग्रजांची त्यांनी किती बुडवली?

उत्तर : दुसऱ्याचे आधी. बुडवणे हा उद्देशच नव्हता. बुडलेल्या जहाजाचा माल मिळत नाही, तोफा मिळत नाहीत, मोबदलाही मिळत नाही. मराठी गुराबा, म्हणजे शिडांची मोठी लढाऊ जहाजे, शत्रूच्या पिछाडीला येत, नाळेवरच्या (पुढच्या टोकावरच्या) तोफांनी शिडे-डोलकाठ्या मोडून त्याला पांगळे करत, आणि मग वल्ह्यांची गलबते माणसे घेऊन चिकटत. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका कारवारच्या वाटेवर अशीच धरली गेली आणि तहानंतर परत दिली गेली. बुडवली असती तर वाटाघाटीत काय ठेवणार होते?

आता पहिले. आपल्या जहाजांचा बचाव बांधणीत कमी आणि वेळापत्रकात जास्त होता. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत, आणि गलबत बहुधा सत्तर टनांच्या आत. बूड उथळ, त्यामुळे खाडीत शिरता येई आणि मागे लागलेले खोल बुडाचे इंग्रजी जहाज बाहेरच राही. पण उथळ बुडाचा तोटाही तोच : वाऱ्याच्या अंगाला चढताना जहाज बाजूला घसरत जाते.

कोकणात पावसाळ्याचा वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे सरळ किनाऱ्यावर ढकलणारा. त्या काळचे आडव्या शिडांचे जहाज वाऱ्याच्या दिशेपासून सुमारे ६७ अंशांहून जवळ जाऊ शकत नसे. त्यात वादळी लाटेने होणारी घसर मिळवली की किनाऱ्यापासून दूर जाणे जवळपास अशक्य. खोल समुद्रात हेच वादळ शिडे उतरवून, जहाज वाहू देऊन निभावता येते. किनारा जवळ असेल तर वाहायला जागा उरत नाही. एरवी मतलई वाऱ्यावर पहाटे बाहेर पडून खाऱ्या वाऱ्यावर दुपारी परत येणे हा कोकणचा रोजचा क्रम. पावसाळ्यात तो क्रमच मोडतो.

म्हणून छावणी, म्हणजे पावसाळ्यापुरता जहाजांचा बंदरातला मुक्काम. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' याच काळातले, १७१५-१६ चे, आणि त्यात आरमाराचे प्रकरण स्वतंत्र आहे. दर्या खवळण्याआधी जहाजे किल्ल्याच्या आश्रयाने छावणीला न्यावीत, आणि दरवर्षी त्याच बंदरी नेऊ नयेत, असे त्यात बजावले आहे. आरमाराच्या वास्तव्याचा बोजा एकाच गावावर पडू नये हा हेतू. लाकडाबद्दलची सूचना पुष्कळांना माहीत असते : आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात.

छावणीचा आणखी एक फायदा. समुद्रातला लाकूडकिडा फळीत शिरून आतून जाळी करतो आणि बाहेरून फारसे काही दिसत नाही. जहाज पाण्याबाहेर ओढून वाळू दिले की तो मरतो; मग फटी भरायच्या आणि बुडाला चुना-तेलाचा लेप द्यायचा. युरोपीय जहाजे सलग दीड-दोन वर्षे पाण्यात असत. त्यांच्या बुडावर वेगळ्या स्वस्त फळ्यांचे अस्तर ठोकलेले असे, किड्याने खायचे ते तेच. तांब्याचा पत्रा मारायला ब्रिटिश आरमाराने सुरुवात केली ती १७६१ च्या सुमारास.

प्रश्न (जत) : फार खोल समुद्रात बुडालेले जहाज तळाला न जाता मध्येच लटकते, असे ऐकले आहे. खरे का?

उत्तर : नाही. पाणी दाबाने फारसे आकसत नाही. चार किलोमीटर खोलीवरही त्याची घनता जेमतेम दोन टक्क्यांनी वाढते. पृष्ठभागाशी जे बुडाले ते तळापर्यंत जाते. उलट, खाली जाताना लाकडातली हवा चेपून निघते आणि जहाज आणखी जड होते.

प्रश्न (विटा, गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायातील एक वाचक) : १७१५ च्या स्पॅनिश खजिन्याच्या जहाजांबद्दल वाचले. तीनशे वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेल्या चांदीचे काय होते? आम्ही काळी पडलेली चांदी तेजाबात घेतो, तसे चालेल का?

उत्तर : तेजाबाची बाटली आधी बाजूला ठेवा.

तो ताफा २४ जुलै १७१५ ला हवानाहून निघाला. युद्धामुळे खजिना बरीच वर्षे अडकून पडला होता, माद्रिदला पैशाची निकड होती, आणि म्हणून चक्रीवादळांच्या हंगामात निघण्याची जोखीम घेतली. ३१ जुलैच्या पहाटे वादळाने बारांपैकी अकरा जहाजे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर फोडली. ताफ्यापासून फटकून समुद्राकडे राहिलेले 'ग्रिफॉन' हे फ्रेंच जहाज तेवढे वाचले. पाणी उथळ असल्याने स्पॅनिशांनी पाणबुडे लावून बराच माल लगेच काढला. उरलेला १९६० पासून सापडतो आहे.

सोने जसेच्या तसे निघते, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. चांदीचे मात्र तीन प्रकार होतात. ढिगाच्या आत किंवा लोखंडाला चिकटून राहिलेले नाणे चांगले राहते, कारण लोखंड आधी गंजते आणि चांदी वाचते. ऑक्सिजन नसलेल्या वाळूत जिवाणू गंधकाचा वायू सोडतात. तिथे नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर जमतो. आणि उघड्यावर, लाटांखाली राहिलेले नाणे क्लोराइड होऊन झिजते. त्या वेळचे आठ रिआलचे नाणे सुमारे २७ ग्रॅम आणि ९३ टक्के चांदीचे. पाण्यातून काढलेले कधी त्याच्या निम्मेही भरत नाही.

नायट्रिक तेजाबात टाकलेत तर थरासकट चांदीच विरघळेल. गलाईला ते हवेच असते, तुम्ही नंतर मिठाच्या पाण्याने ती पांढरी खाली बसवून घेता. पण इथे टांकसाळीची खूण, वर्ष, पारखणाऱ्याचे अक्षर हे सगळे त्या वरच्या केसभर जाडीतच असते.

संग्रहालयांत करतात ते असे. माल पाण्यातून काढला की वाळू द्यायचा नाही; गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा. चिकटलेला गोळा हातोडीने न फोडता आधी त्याचा एक्स-रे काढायचा. मग दोन ते पाच टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात नाणे ऋण टोकाला आणि स्टेनलेस स्टीलचा पत्रा धन टोकाला लावून अगदी कमी वीज सोडायची. सल्फाइड-क्लोराइडची परत चांदी होऊ लागते आणि वरचा दगडी थर सुटतो. घाई करून वीज वाढवली तर बुडबुड्यांनी पृष्ठभाग उखडतो. आत धातू उरलेलाच नसेल तर नाण्याची भुकटी होते, म्हणून आधी वजन आणि एक्स-रे पाहायचा.

शेवटी ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून पाणी बदलत राहायचे. काढलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की गढूळ पांढरे होणे थांबेपर्यंत क्लोराइड उरले आहे असे समजायचे. ही परीक्षा तुम्हाला नवी नाही. लोखंडी तोफेला हेच सगळे करायला महिने, कधी वर्षे लागतात, आणि मधेच वाळवली तर ती पापुद्रे सुटून तडकते.

आपण पत्रात कोकणच्या पुळणीवर सापडलेल्या जुन्या नाण्यांचाही उल्लेख केला आहे. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. ते साफ करण्याआधी कळवा.